माळावर उतरलेली बाई

लग्नाला आठ महिने झाले होते. आम्ही अंबरनाथला, मोरिवलीजवळ राहायचो. हे एका कारखान्यात फिटर होते. घरी फारसं बोलायचे नाहीत. जेवताना मी दहा गोष्टी सांगायचे, त्यावर "हं" एवढंच यायचं.

एका रविवारी सकाळी छोटं विमान अगदी खालून गेलं. आवाज अडखळत होता, मग बंदच पडला. हे अंगणात दाढी करत होते. "इंजिन गेलं," म्हणाले, तोंडावरचा साबण पुसला आणि सायकल काढली. नको म्हणायच्या आत मी मागे बसले.

बदलापूरच्या वाटेवर, गवत कापून मोकळ्या झालेल्या माळावर विमान धड उभं होतं. पँट घातलेली एक बाई इंजिनाचं झाकण उघडत होती. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी असेल. एकटीच पुण्याला निघाली होती.

"पेट्रोल पोचत नसावं," हे म्हणाले.

"मलाही तेच वाटतंय. गाळणी उघडू या?"

मग दोघं जे बोलायला लागले! दोन तास. नळ्या सोडवल्या, फुंकल्या, पुसल्या. हे चक्क हसलेसुद्धा. मी बांधावर बसून पाहत होते. गावातली एक म्हातारी भरलेली कळशी घेऊन शेजारी टेकली होती.

"ती तुझी नणंद काय गो?"

"छे. ओळखपण नाही."

"मंग तुझा नवरा तिच्याशी इतकं काय बोलतो?"

अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात ती बाई कपाळ पुसत माझ्याकडे आली. "वहिनी, जरा पाणी मिळेल?"

"इथे कुठलं पाणी? विहीर लांब आहे," मी म्हणाले. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं आणि कळशी तिरकी केली. बाई ओंजळीने प्यायली. मी मान खाली घातली.

शेवटी गाळणीतून बोटभर गाळ निघाला. ह्यांनी विमानाच्या नाकावरचा पंखा हाताने फिरवला, इंजिन धडधडलं. ते तपासताना विमान पुढे सरकू नये म्हणून आम्ही चार-पाच जणांनी शेपूट धरून ठेवलं. पंख्याच्या वाऱ्याने पदर तोंडावर आला, धडधडीने दात वाजले. मग ती हात हलवून उडाली. ठिपका दिसेनासा झाला तरी हे वरच बघत होते.

परतताना मी म्हणाले, "तिने पाणी मागितलं. जवळ होतं, तरी मी नाही म्हटलं."

"का?"

"तुम्ही तिच्याशी बोलत होता म्हणून."

सायकल थांबली. ह्यांनी एक पाय जमिनीवर टेकवला. "इंजिनाचं बोलायला सोपं जातं गं. तुझ्याशी काय बोलावं, मला सुचतच नाही."

राग कुठे लगेच जातो? दुसऱ्या दिवशी डबा घेताना मात्र ह्यांनी आपणहून सांगितलं, आज एक जुनं मशीन उघडायचंय.

मी उंबऱ्यात उभी राहिले. "काय झालंय त्याला?"