गफूर उस्तादांचं बोट

धुळ्याच्या फायरिंग रेंजवर गफूर तडवींना हवालदार म्हणून कोणी हाक मारत नसे. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना 'उस्ताद' म्हणत. यावलकडचा हा माणूस बावीस वर्षं पोलिसांना रिव्हॉल्व्हर चालवायला शिकवत आला होता. एवढ्या काळात त्यांच्या रेंजवर कुणाला साधं खरचटलंही नव्हतं.

मयुरी महाजन त्यांच्यापुढे उभी राहिली ती रडकुंडीला येऊन. रावेरची ही मुलगी नुकतीच फौजदार झाली होती, आणि तिच्या सहाच्या सहा गोळ्या निशाणाच्या खाली, डावीकडे जात होत्या.

"उस्ताद, नेम तं बरोबर धरते मी."

"नेमाले काय झालं? बोट दगा देतंय तुले," गफूर म्हणाले. पोरगी आपल्या भागातली निघाली तशी त्यांच्या तोंडी घरची बोली आली.

या रिव्हॉल्व्हरचा चाप एकाच ओढीत घोडा मागे नेतो आणि सोडतोही. म्हणून तो लांब आणि जड. नवखा माणूस निम्म्यापर्यंत हळू ओढतो, मग धीर सुटून हिसका देतो, आणि नळी खाली झुकते. गफूरनी रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, गोळ्यांच्या चक्रीतली सगळी घरं तिला दोनदा दाखवली आणि नळीवर एक नाणं ठेवलं.

"पहिल्या पेरापाशी चाप धर. मधी थांबू नको, घाई बी करू नको. बोट एकलं चालू दे, बाकीचा पंजा जागचा हालला नाही पाहिजे. सोडताना बोट उचलू नको, चापासंगंच पुढे येऊ दे."

आठ दिवस नाणं खणखणत फरशीवर पडत राहिलं. नवव्या दिवशी ते सलग दहा वेळा जागचं हललं नाही. मयुरी हरखून म्हणाली, "उस्ताद, आता तुम्ही दाखवा ना एकदा!"

गफूरनी रिव्हॉल्व्हर हातात घेतलं. चापाला बोट लागायच्या आतच नाणं खाली पडलं.

"वारा शे," ते हसले. वारा नव्हता.

चहाची बशी हातात थरथरायला लागून सहा महिने झाले होते. बायकोनं, सकीनानं, हट्टानं त्यांना जळगावच्या डॉक्टरकडे नेलं होतं. कंपवात, डॉक्टर म्हणाले होते; औषधानं कमी होईल, जाणार नाही. गफूरनी ही गोष्ट घराबाहेर जाऊ दिली नव्हती. त्या दिवसापासून ते हात पाठीमागे बांधून, डोळे मिटून शिकवू लागले. रिकाम्या रिव्हॉल्व्हरच्या चापाचा आवाज ऐकूनच म्हणत, "थांबलीस मधी. पुन्हा." मयुरीच्या गोळ्या हळूहळू मध्यावर यायला लागल्या.

मग वार्षिक सरावात स्वप्नील नावाच्या शिपायाची गोळी उडालीच नाही. भरलेलं रिव्हॉल्व्हर गफूरनी सवयीनं त्याच्या हातून घेतलं. हात थरथरला, बोट चापावर जाऊन फडफडलं आणि नळी क्षणभर स्वप्नीलच्या पायाकडे वळली. बार झाला नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही. गफूरनी रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं, दुसऱ्याकडून रिकामं करून घेतलं आणि तडक साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, माझा हात आता भरवशाचा राहिला नाही. मला रेंजवरून काढा."

"निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत, उस्ताद. नुसतं तोंडानं शिकवा."

"आज माझ्यापायी एका पोराचा पाय गेला असता, साहेब."

साहेबांनी त्याच दिवशी बदलीचा हुकूम काढला. गफूरना कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. तिथं त्यांचं मन रमेना. वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली आणि ते यावलला परतले.

पुढच्या हिवाळ्यात मयुरीनं त्यांना पोलिसांच्या नेमबाजी स्पर्धेसाठी मुद्दाम धुळ्याला बोलावून घेतलं. ती पहिली आली. टाळ्या थांबायच्या आतच ती रिकामं केलेलं रिव्हॉल्व्हर घेऊन त्यांच्यापुढे आली.

"उस्ताद, एकदा हातात घ्या. सगळ्यांना कळू द्या मी कुणाची आहे ते."

सगळे बघत होते. गफूरनी दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घातले.

"नको, बेटा."

तिला काय ते कळलं. तिनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला, पण वर बघितलं नाही.

संध्याकाळी ते घरी पोचले. सकीनानं पाण्याचा तांब्या पुढे करत विचारलं, "कशी मारली गोळी पोरीनं?"

"एकदम साफ. मी मारायचो तशी," गफूर म्हणाले. सकीना तांब्या खाली ठेवून त्यांच्याजवळ बसली. बावीस वर्षं रेंजवर उस्ताद म्हणवलेला माणूस हुंदके देऊन रडत होता.