फोरमनकाकांनी हात न लावलेलं इंजिन

आमच्या गावात फोरमनकाकांइतका हुशार मेकॅनिक दुसरा नव्हता, आणि त्यांच्याइतका बिनकामाचाही नव्हता. सातपूरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले, फोरमन म्हणून निवृत्त झाले आणि गंगापूर धरणाच्या फुगवट्याजवळ, आमच्या गावात दोन खोल्या बांधून राहायला आले. बिघडलेली कुठलीही वस्तू घेऊन जा, ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे, दोन्ही हात मांडीखाली सरकवायचे आणि म्हणायचे, "उघड." म्हणजे आपण उघडायचं. ते फक्त बघणार. कुणी कुरकुर केलीच तर ठरलेलं उत्तर यायचं, "माझे हात रिटायर झालेत. डोकं तेवढं ड्युटीवर आहे."

शाळेचे सर एकदा पांढऱ्या शर्टात त्यांच्याकडे स्कूटर घेऊन गेले आणि तीन तासांनी ओळखू न येण्याइतके काळे होऊन बाहेर पडले. कार्बोरेटर त्यांनी स्वतः साफ केला होता. वर काकांनी त्यांना तो दोनदा सोडायला लावला होता, कारण पहिल्या वेळी एक वॉशर सतरंजीवरच राहिला होता. सर गावभर सांगत सुटले, की म्हातारा चक्रम आहे. पण तेव्हापासून त्यांची स्कूटर कुठल्या गॅरेजात गेलेली मी पाहिली नाही.

"बिघडलं" हा शब्द काकांना खपायचा नाही. "बिघडलं म्हणजे काय झालं? ताप आलाय, का जुलाब होतायत? नीट सांग." मग आपण आठवून आठवून सांगायचं, आवाज कसा येतो, कधी येतो, आधी काय झालं. शेवटी एक प्रश्न हमखास यायचा, "आणि याला शेवटचा हात कुणी लावला?" या प्रश्नाला गावातला प्रत्येक माणूस एकच उत्तर द्यायचा, "कुणीच नाही." काका मान हलवायचे आणि काकूंना चहा टाकायला सांगायचे.

आता माझं सांगते. आमच्या बचत गटाने कर्ज काढून एक लहान बोट घेतली होती, मागे लावायच्या इंजिनाची. पलीकडच्या वस्तीवरून अलीकडे यायला रस्त्याने तास लागतो, बोटीने दहा मिनिटं. भाजीवाल्या बायका, कामगार, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं, सगळी बोटीनेच येत. आणि बोट चालवायची मी. शिकवायला आलेल्या माणसाकडून गटातल्या आठ बायकांपैकी मी एकटीच नीट शिकले होते, म्हणून. बाई बोट चालवते म्हटल्यावर काही पुरुष सुरुवातीला मुद्दाम लांबच्या रस्त्याने गेले. पावसाळ्यातल्या चिखलाने त्यांना लवकरच शहाणं केलं. पण सरपंचांचा पुतण्या बाळू मात्र टपूनच होता. त्याच्याकडे ट्रॅक्टर होता, त्यामुळे जगातली सगळी इंजिनं आपल्यालाच कळतात असं त्याला वाटायचं. मला विचाराल तर ही बोट म्हणजे माझं सगळं होतं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच लोक मला कुणाची तरी बायको म्हणून नाही, मंदाताई म्हणून ओळखायला लागले होते.

आणि एके दिवशी सकाळी धक्क्याजवळ येताना मी गिअरचा दांडा मागे ओढला, पण बोट पुढेच गेली. दांडा हातात मागे, आणि पाण्यात पंखा पुढे ढकलतोय. मी इंजिन बंद करेपर्यंत बोट पायरीवर आदळली. साखरपुड्याला निघालेले दोघे पांढऱ्या लेंग्यानिशी गुडघाभर पाण्यात उतरले. लागलं कुणाला नाही, पण त्या दोघांतला एक बाळूचा सख्खा मामा निघाला. दुपारपर्यंत गावभर झालं, "बाईला गिअर कळत नाही." गटाच्या अध्यक्ष पारूमावशी घरी आल्या. म्हणाल्या, "उद्या धा वाजता धक्क्यावर बसू समद्या. बाळू म्हणतो, बोट मी चालवतो. लय लोक त्याच्या बाजूनं हायेत, मंदा. मी एकटी काय करू?"

कंपनीचा माणूस आठ दिवसांनी येणार होता. नवऱ्याने आणि मी इंजिन सोडवलं, दुधाच्या टेम्पोत घातलं आणि काकांच्या अंगणातल्या लाकडी बाकाला नेऊन अडकवलं. मी हात जोडून म्हटलं, "काका, आजच्या दिवस तुमचा नियम बाजूला ठेवा. माझी बोट जाईल." काका खुर्चीत बसले, हात मांडीखाली घातले. "काय होतंय ते सांग." मी सांगितलं. मग तो प्रश्न आला. मी म्हटलं, "कुणीच नाही."

"उघड," काका म्हणाले.

माझ्या मनात पाल चुकचुकत होती, म्हणूनच तर उघडायची हिंमत होत नव्हती. काकांनी आधी प्लगच्या वायरी काढायला लावल्या. "पंखा हाताने फिरवायचाय. चुकून चालू झालं तर बोटं परत मिळत नाहीत." मग झाकण काढलं. दांड्यापासून एक सळई आत जाते, ती एका जोडापाशी दुसऱ्या उभ्या सळईला मिळते, आणि ती खाली पंख्याजवळच्या गिअरपर्यंत जाते. हा सांधा इतक्या अडचणीत आहे, की मला बांगड्या काढून हात घालावा लागला. बोटांना काहीतरी टोचलं. ओढून काढलं, तर माझ्याच अंबाड्याचा आकडा. अर्धाच. उरलेला अर्धा तुटून खाली पडला होता.

महिन्यापूर्वी त्या जोडातली स्प्लिट पिन, जोड निसटू नये म्हणून घालतात ती दुमडलेल्या तारेची खीळ, पडली होती. पलीकडे माणसं खोळंबली होती, हाताशी काही नव्हतं, आणि डोक्यातला आकडा अगदी तसाच दिसत होता. घातला, वाकवला, चाललंही. बोट चालतेय म्हणून मी ते मनाआड केलं होतं. तो मऊ तारेचा आकडा झिजून तुटला, जोड निसटला, आणि दांडा नुसता हालत राहिला.

काकांनी तो तुकडा माझ्या तळहातावर बघितला. मला वाटलं, आता बोलतील. ते एवढंच म्हणाले, "हा अंबाड्यातच शोभतो ग, इंजिनात नाही." आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं. मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, "समजलं ना आता तुम्हाला काय झालंय? मग घाला ना पिन. तुमचं पाच मिनिटांचं काम आहे." काका म्हणाले, "पिना डाव्या हाताच्या डब्यात आहेत. मापाची शोध."

पिन घालून भागलं नाही. जोड झिजला होता, त्यामुळे दांड्याची जागा आणि गिअरची जागा जुळेना. जोडावरचा नट अर्धा आटा फिरवायचा, दांडा मधे ठेवायचा, पंखा हाताने फिरवून बघायचा. "मधे मोकळा फिरला पाहिजे. पुढच्या गिअरला एका बाजूने अडला पाहिजे, मागच्याला दुसऱ्या बाजूने." पुढचा जमला की मागचा सुटायचा. मागचा जमला की मधे घासायचा. सातव्या वेळी मी पाना जमिनीवर आपटला. काका म्हणाले, "पाना माझा आहे, जरा हळू." काकू आतून ओरडल्या, "अहो, द्या की करून पोरीला." काकांनी मानेनेच मला पाना उचलायची खूण केली. संध्याकाळचे पाच वाजले तेव्हा तिन्ही जागा जुळल्या. इंजिन टेम्पोत चढवून मी निघाले. खरं सांगते, त्या दिवशी मला तो माणूस दुष्ट वाटला.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर निम्मं गाव. काकाही काकूंना घेऊन आले, खुर्ची सोबत. मी बोट आत नेली, वळवली, धक्क्याकडे आणली आणि दांडा मागे ओढला. पायरीपासून वीतभर अंतरावर बोट थांबली. बाळू म्हणाला, "फोरमननी केलंय म्हटल्यावर चालणारच. पण मोडलं होतं काय, ते तर सांगा."

मी काकांकडे बघितलं. ते पाण्याकडे बघत बसले होते. जोड झिजला होता, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण काल तोंडातून गेलेलं "कुणीच नाही" मला रात्रभर छळत होतं. मी म्हटलं, "पिन पडली होती. मी तिथे केसांचा आकडा घातला होता. चूक माझीच होती."

धक्का हसून हसून लोळायचा बाकी राहिला. बाळूचा मामा सगळ्यात जोरात. पारूमावशी हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आन् आता कुनी बसवली?"

"मी."

"फोरमननी नाय?"

"मी हात लावला नाही," काका म्हणाले. काकू म्हणाल्या, "खरंय. सात-आठ वेळा केलं पोरीने, आणि हे बसून चहा पीत होते."

पारूमावशी बाळूकडे वळल्या. "तुला येतंय का रे ते सोडून बसवायला? दाखव." बाळू बोटीत उतरला, झाकणाची कडी कुठे आहे ते शोधत राहिला आणि आठवल्यासारखं करून ट्रॅक्टर रस्त्यात उभा आहे म्हणून निघून गेला. "चुकते, सांगते आन् नीट करते. आजून काय पायजे?" मावशी म्हणाल्या. बोट माझ्याकडेच राहिली.

काकांवरचा राग मात्र माझ्या मनातून गेला नाही. पुढे कितीदा तरी त्यांच्या अंगणात बसून मी पंप सोडले, इंजिन खोललं, पण त्या दिवसाचं विचारायचं धाडस झालं नाही. दोन वर्षांनी त्यांची मुलगी दोघांना पुण्याला घेऊन गेली. सामान टेम्पोत चढलं तेव्हा मी पाया पडले आणि विचारूनच टाकलं, "काका, त्या दिवशी मी एवढी रडले, तरी तुम्ही हात का नाही लावला?"

"पंधरा मिनिटांचं काम होतं," काका म्हणाले. "मी केलं असतं, तर बोट सुरू झाली असती आणि तू घरी बसली असतीस."

टेम्पो वळणावर दिसेनासा झाला, आणि धक्क्यावरून कुणीतरी हाक मारत होतं, "ओ मंदाताई, पलीकडे जायचंय."