परसातला कोरडा संडास

मीनाबाईंच्या परसातला संडास पाडायला त्यांच्या मुलानं, रत्नदीपनं, परस्पर गवंडी ठरवला होता. रविवारी त्याला बघायला बार्शीहून मुलीकडची माणसं येणार होती. सात रस्ता चौकातल्या ऑफिसात बसणाऱ्या मुलाच्या घरी पाहुण्यांना राखेचं डबडं दाखवायचं, याची त्याला लाज वाटत होती. फ्लश हवा म्हणाला.

"त्याला पाणी तुझा साहेब देणार व्हय?" मीनाबाई म्हणाल्या.

त्यांच्या भागात नळ चार-पाच दिवसांनी येतो. जुन्या संडासात दर वेळी बादली ओतावी लागे, टाकी तुंबे आणि मैल्याची गाडी बोळात शिरत नसे. नवरा गेल्यावर त्यांनी हट्टानं हा कोरडा संडास बांधून घेतला. खाली दोन कप्पे. पाणी न ओतता वरून राख आणि भुसा टाकायचा; धुवायची जागा बाजूला. एक कप्पा भरला की वर्षभर बंद ठेवायचा. मग आत नुसतं काळं, भुसभुशीत खत.

आज मीनाबाई तेच खोऱ्यानं पाटीत भरत होत्या. रत्नदीप तोंड फिरवून उभा होता.

"आई, पणज्यानं मैला उपसायचं जे काम फेकून दिलं तेच तू हातात धरलंस."

"लोकांचं काढते का? घरचं हाय."

तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या गिरिजाबाई आल्या. भुसार दुकानवाल्यांची बायको. मीनाबाईंचं बघून त्यांनीही तसाच संडास बांधला होता.

"मीना, आमचा बी कप्पा उघडायला झालाय. हे झालं की तेवढं काढून जा की."

"का अक्का, घरात खोरं न्हाय?"

"खोरं हाय गं. आमच्यात कोण हात लावणार? तुमाला सवय असती."

मीनाबाईंचा हात थांबला. "तुमाला म्हंजे कुणाला?"

"तसं न्हाय गं... साडी देते की तुला."

"ती नेसून तुमीच काढा. वर्ष झालंय, मातीच हाय ती. आणि विटाळ व्हायचाच असला, तर तुमचा तुमाला हुईल."

"लई शेफारलीस," म्हणत गिरिजाबाई निघून गेल्या.

"बघितलंस?" रत्नदीपचा चेहरा लाल झाला होता. "म्हणून म्हणतो, पाड."

"आता तर वीट हलवू देणार न्हाय. आज पाडला तर ती म्हणती तेच खरं ठरंल, की खोरं धरलं म्हंजे आपण जगाचं काढायला जन्मलो. गवंड्याला सांग, येऊ नको."

रविवारी मुलगी, बुद्धप्रिया, हळूच म्हणाली, "बाथरूमला जायचं होतं." रत्नदीप ओशाळून उठला. मीनाबाईंनी त्याला बसवलं आणि स्वतः तिला परसात घेऊन गेल्या.

"पाणी ओतू नको, राख टाक. पावसाळ्यात राख ओली झाली की वास मारतो, खोटं कशाला सांगू? वर्षातनं एकदा घरच्यांनी कप्पा उपसायचा. आणि बाहेरनं कुणी उपसायला बोलावलं, तर जायचं न्हाय. हे पटत असलं तरच हो म्हण."

मुलीनं आत डोकावून पाहिलं. "घरच्यांनी म्हंजे तुमचा मुलगा बी उपसतो का?"

मीनाबाईंनी पाहुण्यांनाही ऐकू जाईल अशी हाक दिली, "रत्नदीप, हिकडं ये जरा. तुला विचारतीय ही."