पाणी काढणारा लवू

तारकर्लीचा लवू साठी उलटल्यावर शाळेत जायला लागला, असं त्याची बायको विमला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. शाळा म्हणजे काय, तर त्यांची लेक जान्हवी हिने कुडाळहून पाठवलेला जुना मोबाइल. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून लवूचं मासेमारीला समुद्रावर जाणं बंद झालं होतं. सकाळी विमला मासळीची पाटी घेऊन मालवणच्या बाजारात गेली की हा घरापुढच्या खळ्यातल्या माडाला पाठ लावून दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ बघत बसायचा. नाचगाणी त्याला नको होती. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच, आणि आता कोणीतरी छडी न उगारता, कपाळाला आठ्या न घालता, म्हणाल तितक्या वेळा तेच तेच समजावून सांगत होतं. लवू हरखून गेला होता.

हरखायचा त्याहून जास्त तो हादरायचा. पृथ्वी स्वतःभोवती गरगर फिरते हे त्याने नीट ऐकलं त्या दिवशी माड घट्ट धरून ठेवला होता. मुख्यमंत्र्याला आपण थेट निवडून देत नाही, आपण फक्त आमदार देतो, हे कळल्यावर तर त्याला जेवण गोड लागलं नाही.

"म्हंजे इतकी वर्सां माका फसवल्यानी?" तो विमलेवरच खेकसला, जशी काही राज्यघटना तिनेच लिहिली होती.

मिरची मुळात आपली नाहीच, ती पोर्तुगिजांच्या जहाजांतून आली, हे कळताच तो शेजारच्या वॉल्टरकडे धावला. वॉल्टर त्याच्याच वयाचा, लहानपणापासूनचा जिवलग. त्याचे पूर्वज गोव्याहून येऊन इथे नारळीच्या बागा करून राहिलेले.

"मगे आभार मान आमचे," वॉल्टर खुर्चीतून न उठता म्हणाला. "नायतर बांगड्याचो तिखलो तू हळद घालून खाल्लो असतंस."

वॉल्टरचा आणि पोर्तुगालचा संबंध तितकाच, जितका लवूचा आणि चंद्राचा. पण दोघेही दिवसभर हसत राहिले. असे धक्के खायला लवूची कधीच ना नव्हती.

आता किनाऱ्यावर लवूला जो मान होता तो काही मोबाइलमुळे नव्हता. तो पाणी काढणारा लवू होता. कोणी बुडालं की वस्तीतून पहिली हाक त्याला जायची. वाळूतली उपडी होडी बघायची, बुडालेल्याला तिच्या फुगीर पोटावर पालथं घालायचं, डोकं खाली, पाय वर, एकाने पाय धरायचे आणि लवूने पाठीवर दाबत राहायचं. तोंडातून पाणी भळाभळा पडायचं आणि भोवतीची गर्दी सुस्कारा सोडायची. ही विद्या त्याच्या बापाची. त्या होडीवरून किती जण उठून घरी गेले होते. जे उठले नाहीत त्यांचं आयुष्यच तेवढं, असं सगळे म्हणायचे, आणि लवूही म्हणायचा.

स्वतःच्या मुलाच्या वेळीही तो तेच म्हणाला होता. निकेत, जान्हवीचा थोरला भाऊ. खाडीच्या तोंडावर होडी उलटली आणि जाळ्यात पाय अडकला. पोरांनी त्याला बाहेर आणला तेव्हा अंग गरम होतं. वॉल्टरने पाय धरले, लवूने पाठ दाबली. पाणी खूप निघालं. निकेत उठला नाही.

त्यानंतर विमला कशी जगली हे तिचं तिला माहीत. पण घरी कोणीही आलं की तिचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "बापाशीचो हात लागलो तेका. जा करूचा होता ता सगळा केल्यानी." एवढ्या एका वाक्याला धरून ती बाई उभी होती.

शिमग्याच्या आधीची एक दुपार. भरती-ओहोटीचा व्हिडिओ संपला आणि पुढचा आपसूक सुरू झाला. एक तरुण डॉक्टरीण जमिनीवर गुडघे टेकून बसली होती, पुढ्यात माणसाएवढी बाहुली. बुडालेल्या माणसाचं पाणी काढण्यात वेळ घालवू नका, ती शांतपणे म्हणाली. त्याला उलटं करू नका, पालथं घालून दाबू नका. त्याला हवी असते हवा. श्वास थांबला असेल तर उताणं झोपवा, तोंडाने श्वास द्या, छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, भराभर दाबा, परत श्वास द्या. थांबू नका. एकटा माणूस दमतो, तो दमला की दुसऱ्याने लगेच पुढे व्हावं.

मोबाइल लवूच्या हातातून खाली पडला.

उचलून त्याने परत बघितला. बाई खोटं बोलते, असं मोठ्याने म्हणाला. मग दुसरा व्हिडिओ शोधला, तिसरा शोधला. माणसं वेगळी, बाहुल्या वेगळ्या, सांगणं एकच. होडीवरून उठून गेलेले सगळे त्याला एकेक करून आठवले, आणि त्यांच्यातला प्रत्येक जण आणला तेव्हाच थोडाफार कण्हत होता हेही आठवलं. म्हणजे ते आपले आपणच उठले होते. ज्यांचा श्वास थांबला होता त्यांच्यातला एकही कधी उठला नव्हता. इतकी साधी गोष्ट आपल्या ध्यानात कशी आली नाही? आणि निकेतचं अंग गरम होतं.

संध्याकाळी विमला आली, रिकामी पाटी उतरवली, म्हणाली, "तुमी आज काय शिकलास?"

"काय नाय," लवू म्हणाला. हे तिला कधीच कळू द्यायचं नाही, एवढं त्याने ठरवून टाकलं होतं.

मात्र शिकायचं त्याने सोडलं नाही. विमला बाजाराला गेली की तो जुन्या जाळ्याची वळकटी खळ्यात ठेवायचा आणि गुडघ्यांची कुरकुर सोसत तिला दाबत बसायचा. वॉल्टरने कुंपणावरून एकदा बघितलं आणि लवूचं डोकं फिरलं असं मनाशी ठरवून तो मुकाट घरात गेला.

मे महिन्यात वॉल्टरची मुलगी रोशेल सुट्टीवर आली. याच पाण्यात वाढलेली पोर, पण त्या दिवशी पाण्याला ओढ होती आणि तिला ती कळली नाही. पर्यटकांना पाण्यावरच्या स्कूटरवर फिरवणाऱ्या पोरांनी तिला वाळूवर आणली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. लवूला हाक गेली. लवू गुडघे विसरून धावला, मागून विमलाही धावली.

वॉल्टरने मुलीचे पाय आधीच उचलून धरले होते. "लवू, वेळ काढू नको! होडयेर घाल तिका! निकेताक घातलंस तशी!"

लवूने वर बघितलं. वॉल्टरच्या खांद्यामागे विमला उभी होती, पदर तोंडाशी धरून. जुन्या पद्धतीने होडीवर घातलं तर कोणी एका शब्दाने दोष देणार नव्हतं. रोशेलचं आयुष्यच तेवढं, असं सगळे म्हणाले असते, आणि विमलेला काहीच कळलं नसतं.

"पाय सोड," लवू म्हणाला. "उताणी ठेव."

"रे, पाणी काढ तिचा!"

"सोड म्हणतंय ना!" असा आवाज लवूने जन्मात कोणावर चढवला नव्हता. वॉल्टरचे हात आपोआप सुटले. लवूने एका पोराला अँब्युलन्सला फोन करायला सांगितलं, रोशेलची हनुवटी वर केली, तोंडाला तोंड लावून श्वास दिला आणि छाती दाबायला लागला. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, म्हातारो खुळावलो. वॉल्टर हात जोडून देवाच्या आईला हाका मारत होता. लवू दाबत राहिला, श्वास देत राहिला, आणि पोरीच्या घशातून अचानक एक घाण आवाज आला. तिने ओकारी काढली. लवूने तिला कुशीवर वळवली. ती खोकली आणि मग रडायला लागली.

किनाऱ्यावर एकच गलका झाला. वॉल्टरने लवूच्या पायांना मिठी मारली. अँब्युलन्स आली, रोशेलला घेऊन गेली. विमला जागची हलली नव्हती. गर्दी पांगल्यावर ती पुढे आली.

"निकेताक असा कित्याक नाय केलास?"

"माका ठावक नव्हता गो."

"आणि आता ठावक कधी झाला?"

लवूला खोटं सुचलं नाही. "शिमग्याच्या आदी."

"शिमग्यापासून माझ्या हातचा जेवतास," विमला म्हणाली, "आणि माका सांगूक नाय?"

ती वळली आणि घरी गेली. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पुढे सरकवायची, तोंड फिरवायची. रोशेल बरी होऊन घरी आली, वस्तीत लवूचे गोडवे गायले जाऊ लागले. लवूने मोबाइल फळीवर ठेवून दिला होता आणि त्याकडे बघतही नव्हता.

मग एका दुपारी विमला बाजारातून लवकर आली. पाटीत मासळी तशीच होती. ती तडक पडवीत गेली, वॉल्टरने तिला सांगितलेली जाळ्याची ती वळकटी ओढत बाहेर आणली आणि लवूच्या पुढ्यात टाकली.

"दाखवा."

लवूने तिचे हात धरून एकावर एक ठेवले. मधोमध कुठे, कोपर सरळ कसं ठेवायचं, दाब किती द्यायचा, सगळं सांगितलं. विमला दाबायला लागली. तिच्या हातांना माशाचा वास होता, बांगड्या वाजत होत्या. ती आणखी जोरात दाबायला लागली. तिच्या कपाळावरून घाम गळत होता आणि डोळ्यांतूनही गळत होतं.

"पुरे गो," लवू म्हणाला. "समाजला तुका."

विमला थांबली नाही. "अजून श्वास येऊक नाय," ती म्हणाली.

तिचे हात लटपटायला लागल्याचं लवूने बघितलं. मग तो दुसऱ्या बाजूने गुडघ्यांवर बसला, हलकेच तिचे हात बाजूला केले आणि ती दमली म्हणून स्वतः दाबायला लागला.