श्रावण पाळला आणि फिट आली

"यांना फिट आली ती दारू बंद केल्यामुळे," कॅज्युअल्टीतले डॉक्टर म्हणाले.

मला वाटलं, डॉक्टरांचा पेशंट बदललाय. म्हटलं, "डॉक्टर, श्रावण चालू आहे. यांनी थेंबाला हात लावलेला नाही."

"म्हणूनच," ते म्हणाले.

आम्ही तळवलीचे. माझे मिस्टर ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात क्रेन चालवतात, माणसांच्या डोक्यावरून लोखंड नेण्याचं काम. आमच्याकडे गटारीला हवी तेवढी प्यायची आणि श्रावणभर बाटलीकडे बघायचं नाही. हे तर त्यात एकदम कडक. त्यामुळे सासूबाईंपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं, की हा काही बेवडा नव्हे, मनात आणलं की सोडतो.

यंदा श्रावणाआधी रोज सकाळी यांचे हात थरथरायचे आणि घोटभर घेतली की थांबायचे. त्यात कंपनीने गेटवर फुंकून तपासायचं मशीन बसवलं. हे म्हणाले, "बरा झाला, श्रावनच हाय. मना कसला टेन्शन?"

श्रावणाच्या दुसऱ्या दिवशी मशीनवर शून्य आलं. सोबत्यांनी टाळ्या वाजवल्या. क्रेनच्या शिडीला हात लावायच्या आत हे खाली कोसळले. शिडी चढून झाली असती तर?

डॉक्टरांनी सांगितलं, याला 'विथड्रॉअल' म्हणतात. म्हणजे रोज दारू मिळायची सवय लागलेलं शरीर ती अचानक तुटल्यावर बिथरतं. आधीच्या वर्षी निभावलं म्हणून यंदाही निभावेल असं नसतं. पुढे 'डिलिरियम' होऊ शकतो, म्हणजे भ्रम, भास. "जिवावर बेतू शकतं," असंही म्हणाले. नंतर रक्त घेतलं, डोक्याचा स्कॅन झाला, आणि मला बाहेर बसवलं.

दुसऱ्या दिवशी भास सुरू झाले. यांना छतातून क्रेनचा हूक खाली येताना दिसत होता. "बाजूला व्हा रे!" म्हणून ओरडत होते. मला ओळखलं नाही. मी बाकावर येऊन रडले. मग राग आला, यांचा आणि त्या टाळ्यांचाही.

दीर शेजारी बसले. "वयनी, कंपनीत दारूचा बोलू नको. सांग, उपासानं चक्कर आली. नोकरी जाईल त्याची."

संध्याकाळी कंपनीतल्या सेफ्टीच्या मॅडम आल्या. मी सरळ विचारलं, "यांची नोकरी जाईल का?"

"पिऊन क्रेनवर सापडले असते तर गेली असती. स्वतःहून मदत मागितली तर उपचारांची रजा मिळते, समुपदेशक मिळतात. त्यांच्याशी झालेलं बोलणं आमच्याकडे येत नाही. क्रेन मात्र डॉक्टर म्हणतील तेव्हाच." जरा थांबून म्हणाल्या, "पण मदत मागायची ती त्यांनी."

आणि ते तर हुकाशी बोलत होते.

भास ओसरायला तीन दिवस लागले. मॅडम पुन्हा आल्या त्या सकाळी हे उशीला टेकून चहा पीत होते. दिरांचं आणि मॅडमचं, दोन्ही म्हणणं मी यांच्या कानावर घातलं होतं, पण यांनी काय ठरवलंय ते मला कळलं नव्हतं. दीर पायाशी उभे राहून डोळ्यांनी 'उपास, उपास' सांगत होते. मी ओठ घट्ट मिटले. मी बोलले असते तर ते माझं बोलणं झालं असतं.

यांनी कप खाली ठेवला. "मॅडम, मी रोज पितो. सकाळी पन पितो. मना मदत पायजे."

दीर बाहेर निघून गेले.

सध्या हे स्टोअरला आहेत, जमिनीवर. क्रेनकडे बघून अजून तोंड पाडतात. दर आठवड्याला समुपदेशकांकडे जातात. तिथे काय बोलतात ते मी विचारत नाही, आणि न विचारणं मला फार जड जातं. त्या डॉक्टरांचे आणि मॅडमचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्या घरी कोणी रोज पिणारं असेल तर नवस, श्रावण किंवा मशीनच्या धाकाने एकदम बंद करायला लावू नका. सोडायचीच आहे, पण आधी डॉक्टरांना भेटा.

श्रावण संपला तेव्हा दीर पापलेट घेऊन आले. सवयीने म्हणाले, "चल दादा, सुटला श्रावन."

"तुझा सुटला," हे म्हणाले. "माझा चालू हाय."

दिरांनी पिशवी माझ्याकडे दिली आणि यांच्याजवळ जाऊन बसले.