संध्याकाळी याच गाडीत

अक्का आणि मी सख्ख्या बहिणी, एकाच गावात दिलेल्या. तिचा नवरा, म्हणजे माझे दाजी, तिला मारायचे हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. त्या उन्हाळ्यात मात्र त्यांनी तिचा हातच मोडला आणि पाटलानं एकदाची पोलिसांत वर्दी दिली. निजामाच्या सरकारला आमच्या अक्काच्या हाताची दखल घ्यावीशी वाटली, याचं मला कोण कौतुक वाटलं होतं!

मग तहसील कचेरीतून साक्षीचा समन आला, तो एकट्या अक्काला. ओरडणं ऐकणाऱ्या शेजाऱ्यांपैकी कुणालाही नाही. गवाहीला आली नाही तर धरून नेऊ, असं शिपाई बजावून गेला.

जायचं कसं? घरात गाडी एकच. ज्याच्यावर खटला तो बैल हाकणार, आणि जिनं त्याच्याविरुद्ध बोलायचं ती मागे कडब्यावर बसणार. सोबतीला मी. वाटेत युसूफ वडगाव हे गाव लागलं, तिथं बैलांना पाणी पाजताना दाजी शांतपणे म्हणाले, "काय बोलायचं ते बोल. संध्याकाळी याच गाडीत बसायचं हाय."

कचेरीत तहसीलदारसाहेब उर्दूत विचारायचे, त्यांचा कारकून, पेशकार, मराठीत सांगायचा. हात कशानं मोडला?

"पाय घसरून पडले," अक्का म्हणाली.

मी तावातावानं पुढे झाले, तर पेशकारानं विचारलं, "मारताना तू पाहिलंस?" पाहिलं नव्हतं. "मग गप बस."

साहेब भडकले. खरं सांगत नाही तोवर हिला मागच्या खोलीत बसवा म्हणाले.

दुपारी मी भाकरी घेऊन गेले. दारात शिपाई, आणि आत अक्का नुसत्या फरशीवर गाढ झोपलेली, मोडका हात पोटावर. मी हलवून उठवलं.

"कावून उठवलंस गं? लई दिवसांनी झोप लागलती." दोन घास खाल्ल्यावर हळूच म्हणाली, "इथं रातीला ठिवतेत का, इचार की."

मी तिला आणखी एक घास मोडून दिला. आमचे आई-बाप गेलेले, आणि माझी सासू तिला उंबऱ्याच्या आत घेणार नव्हती.

उन्हं कलल्यावर तिला पुन्हा पुकारलं. साहेबांनी तोच प्रश्न केला. अक्कानं पेशकारालाच विचारलं, "खरं सांगितलं तर मला इथंच ठिवता का?"

पेशकार हसला. "खरं सांगितलंस की सुटलीस. खुशाल घरी जायचं."

"मग मी पडलेच, साहेब."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी तिचाच राग आला, मग साहेबांचा, आणि तो अजून गेलेला नाही. अशा बाईला बोलायची सक्ती करावी का, म्हणून लोक वाद घालतात. करा की! पण मग त्या रात्री ती कुठे निजणार हेही त्याच खुर्चीवरून ठरवा. ते ठरवता येत नसेल, तर तिला तोंड उघडायला लावू नका.

साहेबांनी वैतागून खटला काढून टाकला. अक्का जागची हलेना. तिनं शिपायाला विचारलं, "खोटं बोलल्याबद्दल आत घालत न्हाईत का?"

"जा बाई घरी," तो म्हणाला.

बाहेर दाजींनी बैल जुंपून ठेवले होते.