लाखेनं भरलेली चीर

मेंढरं कालव्याच्या पुलावर पाऊल ठेवीनात. माळेगावच्या अंगाला चारा संपला होता. पलीकडं इंदापूरची मोकळी रानं होती. अलीकडं दोन्ही हातांना कोवळा ऊस. एकीनं तोंड घातलं असतं तरी अख्खा कळप कोंडवाड्यात गेला असता. हाळ्या घालून सिद्धूचा घसा बसला. म्होरकी मेंढी पुलापाशी येई, मागं सरे, आणि तिच्यामागं सगळ्या.

"द्या अजून पावा पाद्र्याला," त्याची बायको सारजा म्हणाली. "त्योच यील आता हाकाया."

कळप ज्याच्या सुरामागं चाले तो पावा बारामतीच्या पाद्र्याकडं अडकला होता. बायबलाच्या जुन्या पोथीतल्या एका वाद्याच्या नावानं, 'मश्रोकिता' या अरामी शब्दानं, पाद्र्याला झपाटलं होतं. "सिद्धू, या शब्दाच्या मुळाशी शीळ आहे," तो सांगे. "कळपाला घालतात ती. ते वाद्य तुझ्या पाव्यासारखंच असणार." चित्र काढून बाजाराच्या दिवशी परत देतो म्हणाला होता. बाजारामागून बाजार गेले. कधी साहेब गावोगाव फिरायला गेलेले, तर कधी चित्रात एखादं भोक काढायचं राहिलेलं. सिद्धूनं नवा पावा करून पाहिला. म्होरकीनं कानसुद्धा हलवला नाही.

शेवटी कळप सारजाच्या हवाली करून तो तणतणत बारामतीला गेला. पाद्र्यानं पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला पावा दोन्ही हातांनी पुढं केला.

"चीर गेली होती त्याला. लाखेनं भरून घेतली. आता अगदी नव्यासारखा झाला."

सिद्धूनं लाखेवरून अंगठा फिरवला. त्या चिरेतून वारा निसटायचा, म्हणून सूर फाटका यायचा. आणि कळपाला तोच फाटका सूर ओळखीचा होता.

पुलाशी येऊन त्यानं फुंकर घातली. स्वच्छ, गोड सूर निघाला. मेंढरं रवंथ करत राहिली.

"ग्वाड वाजतोय की," सारजा म्हणाली. "लगीन हाय का कुनाचं?"

त्यानं चाकूनं लाख खरवडली. चीर टोकापर्यंत फाटत गेली आणि पाव्याच्या दोन फाका हातात आल्या.

त्या त्यानं कमरेला खोचल्या. तोंडात दोन बोटं घालून शीळ घातली. पडलेल्या दाताच्या फटीतून वारा सुटला, शीळ फाटकीच निघाली. म्होरकीनं मान वर केली. पुलावर एक खूर टेकवला. शीळ थांबली की तीही थांबे.

"आता दम घिऊ नगासा," सारजा मागून म्हणाली.

ओठ सुकले, गाल दुखून आले. एकेक मेंढी पूल ओलांडत होती. सिद्धूला पाद्र्याला मनसोक्त शिव्या द्यायच्या होत्या. पण तोंड मोकळं नव्हतं.